पियानोचं मयत आणि अराबा मॅडमची खरेदी

अराबा एसिलफी आणि मी यांच्यामध्ये एक भिंत आहे, आणि ती भिंत एका विटेची आहे. त्यामुळे आमच्या घानातल्या केप कोस्टमधल्या कुणाच्या पोराला संगीत येतं आणि कुणाच्या पोराला नुसती फी येते, हे मला तिच्याइतकंच ठाऊक. मी कपडे शिवते. भिंतीच्या या बाजूला माझं मशीन, त्या बाजूला तिचा पियानो. माझं मशीन बराच वेळ थांबलं की ती पलीकडून ओरडते, "एवुरामा, मेलीस की काय?" आणि तिचं एखादं पोर एकाच ओळीवर ठेचकाळत राहिलं की मी इकडून ओरडते, "अगं, त्याला पाणी तरी पाज!"

मॅडम मुलींच्या शाळेत संगीत शिकवायची. निवृत्त झाल्यापासून घरी शिकवते. बुटकी, रुंद बाई. डोक्यावर कायम पुरुषाची टोपी. नवरा बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. एके दिवशी ट्रम्पेट आणि ढोलवाल्याची बहीण, दोन्ही घेऊन तो आबिदजानला गेला, तो गेलाच. मॅडमला विचारलं तर म्हणते, "ट्रम्पेटचं वाईट वाटलं. चांगला होता." मेथडिस्ट चर्चला ती दर रविवारी जाते, गाणी होईपर्यंत बसते आणि प्रवचन सुरू झालं की उठून घरी येते. पाद्रीबाबांनी एकदा हटकलं. तर म्हणाली, "तुम्ही माझ्या वर्गाला येऊन बसता का? मग मी तुमच्या का बसू?"

तिचा पियानो मिशनच्या काळातला. शाळेनं टाकून दिला तेव्हा तिनं हातगाडीवर घालून आणला होता. समुद्र आमच्या दारात. खाऱ्या वाऱ्यानं त्याच्या तारा गंजायच्या. तारा जुळवायला ताकोराडीहून एक म्हातारा यायचा, तो वारला, आणि त्याचा मुलगा मोबाइल विकतो. मग मॅडमच मोटारीच्या पान्यानं तारा पिळायची. आवाज असा येई, की जणू कुणी थंडी वाजत असताना गातंय. पण पियानो होता. गावात घरात पियानो असलेली ती एकटीच.

तो मेला त्या दुपारी मी एका लग्नाच्या झग्याला मणी लावत होते. पलीकडे बँक मॅनेजरची मुलगी परीक्षेचा तुकडा वाजवत होती. शेवट जोरदार होता, म्हणून पोरीनं पेडलवर पाय जोरात मारला. धाडकन आवाज झाला, मग काहीतरी वाळूसारखं ओतल्याचा, आणि मग पोरीचं रडणं. मी धावत गेले. पेडल निखळून जमिनीवर पडलं होतं, खालची फळी उघडी पडली होती, आणि आतून भुशाचा ढीग ओघळत होता. वाळवी. आतलं सगळं लाकूड तिनं खाल्लं होतं, बाहेरचं पॉलिश तेवढं ठेवलं होतं.

"रडू नकोस," मॅडम पोरीला म्हणाली. "तुझ्या वाजवण्यानं नाही मेला. तसा मरायचा असता तर मागच्याच वर्षी मेला असता."

मोठ्या चर्चचे ऑर्गनवादक मिस्टर अमिसा तपासायला आले. हे गृहस्थ उन्हात टाय लावतात आणि छत्री उघडत नाहीत, नुसती बाळगतात. त्यांनी छत्रीचं टोक पियानोच्या पोटात हलकेच टेकवलं, तर छत्री मुठीपर्यंत आत गेली. अमिसांनी टोपी काढली.

त्यानंतरचा महिना वाईट गेला. मुलांचे आईबाप सल्ले द्यायला लागले. "मॅडम, हल्ली छोटे कीबोर्ड मिळतात, काखोटीला मारून नेता येतात." एक बाप तर बंदरातल्या जुन्या मालातून एक घेऊनच आला. मॅडमनं एक पट्टी दाबली, कुत्रा भुंकला. दुसरी दाबली, कोंबडा आरवला.

"तुमच्या मुलापेक्षा सुरात आहे," ती म्हणाली आणि परत दिला.

बाहेर हसायची, पण शिकवण्या बंद पडल्या होत्या आणि दुपारी भिंतीपलीकडे शांतता असायची. मला ती सहन होईना, तर तिचं काय होत असेल?

एका शनिवारी ती कुणाच्या तरी मयताहून परत आली. काळे कपडे, काळी टोपी. माझ्या दुकानात शिरली, चपला भिरकावल्या आणि कापडाच्या गठ्ठ्यावर बसली.

"एवुरामा, या गावात मी किती मयतांना पैसे दिले असतील?"

"सगळ्यांनाच दिलेस. आपण सगळे देतो."

"तुम्ही देता आणि तुमच्याकडे कुणी मेलं की परत मिळतात. माझं कोण मरणार? मूल नाही. नवरा मरायचं नाव घेत नाही. आई गेली तेव्हा मयताची पाकिटं घेतात त्या टेबलावर माझा भाऊ बसला होता, पेटी उचलून कुमासीला गेला. उद्या मी मेले की गाव येईल, पाकिटं देईल. ती कोण घेणार? तोच!"

"मग आता काय, नवऱ्याला मारायला आबिदजानला जातेस?"

तिनं मग अंगठ्यानं भिंतीकडे खूण केली. "माझ्या घरातलं एक जण मेलंय की."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा हातातली सुई बोटात गेली.

पुढच्याच आठवड्यात गावभर भिंतींवर पोस्टरं लागली, माणसांची लागतात तशीच. वर पियानोचा फोटो, बऱ्या बाजूनं काढलेला. खाली लिहिलं होतं, की दीर्घ आजारानंतर आपल्या सर्वांचा लाडका पियानो निघून गेला. वय नक्की माहीत नाही. दात सगळे शाबूत, फक्त पिवळे. शोकाकुल: अराबा एसिलफी आणि समस्त विद्यार्थी. लोक पोस्टरसमोर उभे राहून पोट धरून हसत आणि मग विचारत, "पण कपडे काळे घालायचे की लाल?"

पाद्रीबाबा मात्र भडकले. स्वतः चालत आले. "मॅडम, ही मृत्यूची थट्टा आहे."

"रेव्हरंड, मृत्यूनं माझी कमी थट्टा केली आहे का?"

"मी प्रार्थना म्हणणार नाही."

"नका म्हणू. त्याला तसंही तुमचं प्रवचन कधी आवडलं नाही."

मयत झकास झालं. अंगणात मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, आंबवलेल्या मक्याची केंकी आणि तळलेली मासळी, लाल मिरचीची चटणी. मी शिवलेलं लाल-काळं कापड पांघरून पियानो मधोमध उभा. मॅडमच्या जुन्या विद्यार्थिनी कुठून कुठून आल्या. एक तर न्यायाधीश झालेली, ती पियानोवर हात ठेवून खरंच रडली. कारण तिच्या आईकडे पियानो नव्हता आणि मॅडमनं तिला शाळेच्या वेळेआधी फुकट वाजवू दिला होता. अमिसांनी दिवंगताचं चरित्र वाचून दाखवलं, गंभीरपणे, एकदाही न हसता. पैशाच्या टेबलावर मी बसले. भावाला निमंत्रणच नव्हतं.

सगळं नीट चाललं होतं तेवढ्यात प्रॉफेट जेडिडाया टर्कसन आले. त्यांचं विजयाग्नी मंदिर आमच्या गल्लीच्या टोकाला आहे. कर्णे एवढे, की त्यांच्या रविवारी माझ्या दुकानातल्या पिना टेबलावर नाचतात. पांढरा सूट, पांढरे बूट, मागेपुढे दोन धिप्पाड माणसं. त्यांनी सरळ माइक घेतला.

"देवाचा माणूस रिकाम्या हातानं येत नाही!" त्यांनी एक जाडजूड पाकीट उंच धरलं. टाळ्या. "आणि देवानं मला नवं वाद्य दाखवलंय! त्यात ढोल आहेत! त्यात तुताऱ्या आहेत! एक बटण दाबलं की अख्खा बँड! आणि हे वाद्य दर शनिवारी संध्याकाळी आमच्या मंदिरात येईल आणि सोमवारी मॅडमकडे परत जाईल. आमेन?"

"आमेन!" लोक ओरडले. मयतात आमेन म्हटलं की सगळेच म्हणतात.

मी मॅडमकडे पाहिलं. ती दात दाखवून हसत होती, आणि ओठ न हलवता मला म्हणाली, "आधी पाकीट आत ठेव."

संध्याकाळी भंगारवाल्यानं पियानोची लोखंडी चौकट हातगाडीवर घातली आणि मुलं कोपऱ्यापर्यंत गात त्याच्या मागे गेली.

खरेदीला आम्ही तिघं अक्राला गेलो. मॅडम, अमिसा आणि मी. मला माकोला बाजारातून चेन आणि अस्तर घ्यायचं होतं, असं मी सांगितलं. खरं तर मला हे बघायचंच होतं. ट्रोट्रोच्या, म्हणजे भाड्याच्या मिनीबसच्या, मागच्या बाकावर अमिसा छत्री मांडीवर घेऊन बसले आणि सगळी वाट एकच गोष्ट सांगत राहिले.

"मॅडम, ज्याला प्लग आहे ते वाद्य नाही. तो फ्रिज आहे."

"बरोबर. आणि ज्याला वाळवी आहे ते काय आहे?"

"ते... ते लाकूड आहे."

"मग फ्रिजच बरा. निदान थंड तरी राहील."

दुकान मोठं, काचेचं, आत गारवा. विक्रेता तरुण होता, गुलाबी शर्ट, आणि त्यानं आम्हाला पाहताक्षणी ठरवलं की आम्ही चर्चची माणसं. आम्हाला सरळ एका पांढऱ्या, सोनेरी काठाच्या वाद्याकडे नेलं. बटण दाबलं. ढोल सुरू झाले, तुताऱ्या सुरू झाल्या, गिटार सुरू झाली. प्रॉफेटला देवानं दाखवलं होतं ते हेच असणार.

"बघा आंटी, एका बोटानं वाजतं. तुम्हाला काही करावंच लागत नाही!"

"मग मी शिकवू काय? बटण दाबायला?"

"बीट आपोआप येतो, आंटी."

"माझ्याकडे मुलं येतात तीही आपोआप येतात, बाबा. त्यांना आई पाठवते. बंद कर ते."

त्यानं ढोल बंद केले.

"तसं नाही. वीज बंद कर. प्लग काढ."

"पण मग आवाज कसा येईल?"

"आवाजाचं मग बघू. आधी हात बघते."

बंद वाद्यासमोर ती बसली आणि वाजवू लागली. दुकानातले लोक थांबून बघायला लागले. टोपी घातलेली म्हातारी मुक्या पट्ट्यांवर मन लावून वाजवतेय. प्रत्येक पट्टी खडखडत होती, दारावरच्या घंटीच्या बटणासारखी. मॅडमनं नाक मुरडलं. मला तिनं हे आधी समजावलं होतं. खऱ्या पियानोत पट्टी दाबली की आत एक हातोडी उडून तारेवर बसते, आणि बोटाला त्या हातोडीचं वजन लागतं. डावीकडच्या, जाड आवाजाच्या पट्ट्या जड. उजवीकडे जाल तशा हलक्या. ज्या मुलाचं बोट हलक्या बटणांवर वाढलं, ते पुढे खऱ्या पियानोवर बसलं की चिखलातून चालल्यासारखं चालतं.

"पुढचा," ती म्हणाली.

पुढचा अमिसांना आवडला. जुना होता, जपानहून आलेला. शिसवी रंगाचं कपाट, मागे उंच पाठ, अगदी पियानोसारखा. अमिसा त्याच्याभोवती फिरले, रुमालानं धूळ पुसली. "याच्यापुढे बसलं तर माणसाला बसल्यासारखं वाटतं."

मॅडम खाली वाकली, जमिनीवर गुडघे टेकले आणि मागची चिठ्ठी वाचली. "हा शंभर व्होल्टचा आहे. आपली वीज याला लावली तर एकदाच वाजेल, आणि ते आपल्याला दुकानाबाहेर ऐकू येईल."

"डबा मिळतो आंटी, वीज कमी करायचा."

"आणि मुलं तो डबा काढून मोबाइल लावतील. पुढचा."

असं तासन्‌तास चाललं. ती पट्टी इतकी हळू दाबायची की आवाज येऊच नये. मग थोडी कमी हळू, की येईल न येईल असा यावा. एकच पट्टी भराभर ठोकायची, मागची वर यायच्या आत पुढची लागते का बघायला. पेडल पूर्ण दाबायची, मग अर्धं. एकदा तिनं दोन्ही कोपरं पट्ट्यांवर टेकली आणि पेडल दाबून धरलं. असा हलकल्लोळ झाला की पलीकडचं गिऱ्हाईक बाहेर पळालं. तिला पाहायचं होतं, की खूप आवाज एकत्र आले की आधीचे गुपचूप गळून पडतात का.

"आंटी, असं कुणी वाजवत नाही," विक्रेता रडकुंडीला आला.

"तुला माझी मुलं माहीत नाहीत."

शेवटी कोपऱ्यात, पंख्यांच्या खोक्यांखाली, एक काळा होता. साधा. लाकडी पायांवर नीट उभा, हलवला तरी न डुगडुगणारा. वर झाकण, म्हणजे पाली आत जाणार नाहीत. खोकी उतरवायला लावून ती बसली. आधी वीज बंद ठेवून, मग लावून. जड बाजू जड, हलकी बाजू हलकी. अर्ध्या पेडलला अर्धा आवाज.

"यात आवाज मोजकेच आहेत हं," विक्रेत्यानं सावध केलं. "पांढऱ्यात शेकडो आहेत."

"माझ्या नवऱ्याचा एकच होता, तोही खोटा. मोजके चालतील."

मग तिनं एक जुनं स्तोत्र वाजवलं, मुलींच्या शाळेत सकाळी म्हणायचो ते. मला तर छान वाटलं. पण मधेच तिनं हात काढून घेतले. उठली आणि बाहेर जाऊन पायरीवर बसली.

मी मागे गेले. टोपी तिनं मांडीवर ठेवली होती.

"काय झालं? बरोबर नाही का?"

"सगळं बरोबर आहे. तेच तर." ती रस्त्याकडे बघत होती. "पट्ट्या पियानोच्या, आवाज पियानोचा. पण तो येतो गुडघ्यापाशी ठेवलेल्या कर्ण्यातून. लाकूड थरथरत नाही, एवुरामा. माझा तो म्हातारा बेसूर होता, पण वाजवलं की माझ्या बरगड्यांत यायचा. हा म्हणजे मेलेल्या माणसाचा चांगला काढलेला फोटो."

"मग नको घेऊ."

"आणि काय करू? पुढचा पियानो घ्यायला मी जन्मणार आहे का परत? जो घेईन तोच माझा शेवटचा."

मी तिच्याशेजारी बसले. एका बाईकडून भाजलेली केळी घेतली, ती तिनं खाल्ली नाही. माझ्या ओळखीत पहिल्यांदाच ती खायचं नाही म्हणाली.

तेवढ्यात काचेतून आतून एक विचित्र आवाज आला. कुणी तरी नाकातून हंबरत होतं. आम्ही वळून पाहिलं. काळ्या पियानोसमोर अमिसा बसले होते. विक्रेत्यानं त्यांच्या डोक्यावर हेडफोन चढवले होते. पियानोचा आवाज बाहेर येत नव्हता, नुसत्या पट्ट्यांचं थप थप. आणि अमिसा डोळे मिटून, डोकं मागे टाकून, आपण काय करतोय याचं भानच नसल्यासारखे मोठ्यानं गात होते. पार बेसूर. रविवारी आम्ही त्यांच्या पाठीकडे आदरानं बघत बसायचो ते हे गृहस्थ! दुकानातले सगळे त्यांच्याभोवती गोळा झाले होते.

मॅडमचं तोंड उघडं राहिलं. मग ती हसायला लागली. हसता हसता टोपी रस्त्यात पडली, डोळ्यांतून पाणी आलं. "एवढी वर्षं," ती म्हणाली, "एवढी वर्षं त्यांनी गाणं दाबून ठेवलंय, आणि बरं केलंय!"

मग डोळे पुसून तिनं माझ्या हातातली केळी घेतली, खाल्ली आणि आत जाऊन विक्रेत्याला म्हणाली, "यांना उतरवा आणि हा बांधा."

घरी पियानो लागला तेव्हा देणगी दिलेल्या सगळ्यांना बघायला बोलावलं. मयताला आले होते तेवढेच आले, वर पाद्रीबाबाही आले, बघायला म्हणून. प्रॉफेट पहिल्या खुर्चीवर, मागे त्यांची दोन माणसं दाराइतकी रुंद. मॅडमनं झाकण उघडलं, हात उचलले, आणि नेमकी वीज गेली.

खोलीत सगळ्यांनी एकदमच श्वास सोडला. पंखा थांबला. कुणीतरी मागून फिदीफिदी हसलं. अमिसांनी माझ्याकडे पाहिलं, फ्रिज म्हणालो होतो ना, अशा नजरेनं.

मॅडम उठली आणि पाहुण्यांकडे वळली. "बसा, बसा. दिवंगतासाठी दोन मिनिटं शांतता पाळतोय तो. घरचे संस्कार आहेत."

दोन मिनिटं काय, दीड तास झाला. लोकांनी केंकी खाल्ली आणि न ऐकताच घरी गेले. जाता जाता प्रॉफेट मोठ्यानं म्हणाले, "देवानं दाखवलं होतं त्यात बॅटरी होती." ते मला लागलं, कारण खरं होतं. पुढच्या आठवड्यात मॅडमनं मोटारीची बॅटरी आणि तिच्यावर पियानो चालवायचा डबा बसवून घेतला. न्यायाधीश बाईंनी पैसे पाठवले. मॅडम म्हणाली, "या पोरीला मी फक्त लवकर उठवलं होतं."

आता राहिला शनिवारचा प्रश्न. प्रॉफेटनं माइकवर सांगितलं होतं, गावानं आमेन म्हटलं होतं. त्यांचे सेवक दोनदा येऊन दरवाजाची रुंदी मोजून गेले. मॅडम दोन्ही वेळा म्हणाली, "तुमच्या साहेबांना पाठवा."

आणि साहेब आले. पण शनिवारी नाही, मंगळवारी भर दुपारी, गल्ली झोपलेली असताना. एकटे. अंगात साधा सदरा, टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली. माझ्याच दुकानात शिरले, मला वाटलं माप द्यायला आलाय कोणी, तर मागच्या दारानं मॅडमच्या अंगणात गेले. मी इस्त्री बाजूला ठेवली. एका विटेची भिंत, माझा काय दोष?

"मॅडम, त्या वाद्याचं..."

"न्या की. पण वाजवणार कोण? तुमचा तो पोरगा बटणं दाबतो. याला बटणं नाहीत."

मग प्रॉफेट बोलले, आणि आवाज इतका खाली होता की मला कान भिंतीला लावावा लागला.

"तुम्हाला आठवत नाही, मॅडम. मी तुमच्याकडे आलो होतो. लहान होतो. माझी आई तुमचे कपडे धुवायची. तुम्ही म्हणालात बस, वाजव. बोटं गोल राहावीत म्हणून माझ्या तळहाताखाली अंडं ठेवलंत आणि आत गेलात."

"मग?"

"मी ते खाल्लं. आणि पळालो."

खुर्ची करकरली. "उकडलेलं होतं ना?"

"हो, मॅडम."

"मग ठीक आहे. टरफल नीट काढलं होतंस का, की पट्ट्यांत टाकलंस? मला नंतर कितीतरी दिवस तुकडे सापडत होते, मला वाटलं पाली अंडी घालतायत."

आणि मी प्रॉफेट जेडिडाया टर्कसन यांना हसताना ऐकलं, कर्ण्याशिवाय. साध्या माणसासारखं. मग ते थांबले.

"मला शिकायचंय. पण कुणाला कळता कामा नये. माझी माणसं समजतात की देव मला सगळं आयतं देतो. मी एका बोटानं चाचपडताना गावानं ऐकलं तर..."

"ऐकतंय कोण?" मॅडम म्हणाली. "त्या शिंपिणीशिवाय?" आणि भिंतीवर दोन थापा मारल्या. मी इस्त्री एवढ्या घाईनं उचलून टेकवली की एक कॉलर जळाली.

पियानोला हेडफोनसाठी दोन भोकं होती. दोघांनी दोन लावले. तेव्हापासून मंगळवारी दुपारी भिंतीपलीकडून मला फक्त थप, थप, थप ऐकू येई, आणि मधेच मॅडमचा आवाज, हेडफोनमुळे नेहमीपेक्षा मोठा: "गाढवा, चौथं बोट! चौथं!" सगळ्या केप कोस्टला नरकाची भीती घालणारा माणूस, आणि पलीकडून उत्तर यायचं, "सॉरी मॅडम."

वाद्य नेण्याचं काय झालं? त्या रविवारी कर्ण्यांवरून घोषणा झाली, की देवानं नवा निरोप पाठवलाय, वाद्य जागचं हलवू नये. मॅडम अंगणात कपडे वाळत घालत होती. म्हणाली, "चला, ओझं उचलून दुखणारी पाठ देवालाही आहे म्हणायची."

मुलं परत आली. बँक मॅनेजरची मुलगी परीक्षेत पास झाली, जेमतेम. आणि काही मोठी माणसंही गुपचूप यायला लागली. जकात खात्यातले एक निवृत्त साहेब तर बायकोला बाजारात जातो सांगून येतात. मॅडमला अजूनही तो आवाज पूर्ण पटलेला नाही. कधी कधी एकटी असली की वाजवताना थांबते आणि पियानोच्या कडेला हात लावून बघते. मग पुन्हा वाजवते.

ईस्टरच्या दिवशी विजयाग्नी मंदिरात ढोल बंद झाले. मी आणि मॅडम शेवटच्या रांगेत होतो. तिनं त्या दारात आयुष्यात पहिल्यांदा पाऊल ठेवलं होतं. त्यांच्या त्या बटणवाल्या पोराला बाजूला सारून प्रॉफेट स्वतः बसले आणि एक साधं, जुनं स्तोत्र वाजवलं. दोन्ही हातांनी. हळू. दोनदा चुकले. लोकांना टाळ्या वाजवाव्या की नाचावं, काही कळेना. एक बाई सवयीनं अंगात आल्यासारखी उभी राहिली, पण ताल सापडेना, म्हणून इकडेतिकडे बघून परत बसली. मग कुणीतरी खालच्या आवाजात गायला लागलं, आणि मग बरेच जण.

मॅडम प्रवचन सुरू व्हायच्या आत उठली. पण प्रॉफेटनं तिला दारातच गाठलं. घामानं थबथबलेले, मागे ती दोन धिप्पाड माणसं आणि अर्धी मंडळी.

"कसं झालं, मॅडम?"

"डावा हात उशिरा येतो. आणि नखं वाढलीयत, मला शेवटच्या रांगेत ऐकू येत होती." तिनं टोपी नीट केली. "मंगळवारी कापून ये."

"होय, मॅडम," प्रॉफेट म्हणाले, सगळ्यांच्या देखत, आणि मागच्या दोन माणसांनी लगेच आपापली नखं बघितली.